बॅनाना पिना, जंपर आणि स्पीकरचा आवाज: रत्नागिरीच्या घरातला एका वर्षाचा अनुभव

माझ्या घरातल्या स्पीकरच्या जोडीसाठी गेल्या वर्षी भाद्रपदात मी तीन लहानसहान वस्तू विकत घेतल्या. सोन्याचा मुलामा दिलेल्या आठ बॅनाना पिना (स्पीकर वायरच्या टोकाला लावून टर्मिनलमध्ये खुपसायच्या धातूच्या पिना), स्पीकरच्या मागच्या टर्मिनलांना, म्हणजे वायर जोडायच्या खुंट्यांना, आपसांत जोडणाऱ्या तांब्याच्या चार जंपर वायरी आणि स्पीकर वायर फरशीपासून वर उचलून धरणारे चिनी मातीचे सहा ठोकळे. पिनांना २,२०० रुपये पडले, जंपरना ६,४०० आणि ठोकळ्यांना २,७००. म्हणजे एकूण ११,३०० रुपये झाले, आणि तेवढ्या पैशांत घरातला आवाज खरोखर सुधारतो का, हा या परीक्षणाचा विषय आहे. या वस्तू वापरून आता वर्ष उलटले आहे आणि मधे एक पूर्ण कोकणी पावसाळा गेला आहे, म्हणून आता त्यांच्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते.

आधी घराची आणि यंत्रांची माहिती द्यायला हवी, कारण तिच्यावाचून पुढच्या कोणत्याही विधानाला अर्थ नाही. आमचे घर रत्नागिरीत आहे आणि मांडवीचा किनारा चालत दहा मिनिटांवर आहे. ऐकण्याची खोली १२ फूट लांब आणि १० फूट रुंद आहे. अ‍ॅम्प्लिफायर साधा, दर चॅनलला ५० वॉटचा आहे, आणि स्पीकर दोन ड्रायव्हरचे, स्टँडवर ठेवायचे आहेत. प्रत्येक स्पीकरच्या मागे दोनऐवजी चार टर्मिनल आहेत. वरची जोडी ट्वीटरची (बारीक, उंच स्वर वाजवणाऱ्या भागाची) आणि खालची वूफरची (खर्ज वाजवणाऱ्या भागाची) असून कारखान्यातून येतानाच या दोन जोड्या धातूच्या लहान पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. याच पट्ट्या काढून त्यांच्या जागी चांगल्या तांब्याच्या वायरी लावाव्यात, असा सल्ला आवाजाच्या शौकिनांना जागोजागी मिळतो, आणि जंपर ही वस्तू त्या सल्ल्यातूनच विकली जाते.

माझ्या खरेदीचे निमित्त मात्र शौकाचे नव्हते, दुखण्याचे होते. श्रावणात एका संध्याकाळी तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण ऐकत असताना डाव्या स्पीकरमधून बारीक करकर येऊ लागली. षड्जाच्या तारेवर ती विशेष जाणवत असे, आवाज वाढवला की नाहीशी होई आणि कमी केला की परत येई. मी स्पीकरच्या मागे हात घालून वायर किंचित हलवली, तेव्हा क्षणभर तो स्पीकर पूर्ण बंद झाला. टर्मिनलची चकती सोडवून वायर बाहेर काढली आणि कारण डोळ्यांसमोर आले. पारदर्शक आवरणातले तांब्याचे तंतू टोकापासून वीतभर आतपर्यंत हिरवे झाले होते, आणि चकतीखाली दाबले गेलेले उघडे टोक काळपट, ठिसूळ होऊन त्यातले पाच-सहा तंतू तुटून टर्मिनलच्या बुडाशी पडले होते.

ज्या दुकानात मी ही तक्रार घेऊन गेलो, तिथल्या गृहस्थांनी फार आपुलकीने ऐकून घेतले आणि म्हणाले, “साहेब, वायर तशीच राहू द्या, पिना आणि जंपर बदला, फरक पहिल्याच गाण्यात कळेल. जंपर शंभर तास वाजून मोकळे झाले की मग तर विचारूच नका.” ठोकळे त्यांनीच सुचवले. त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. त्यांच्या सांगण्यात एक खरी गोष्ट आणि दोन चुकीच्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या होत्या, आणि त्या वेगळ्या करायला मला पुढचे काही महिने लागले.

खरी गोष्ट आधी. पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल तर त्यात ठेवलेले ताक कळकते, हे आपल्याकडे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. स्पीकरच्या मागे होते तेही याच जातीचे आहे. उघडे तांबे किंवा पितळ दमट, खारट हवेत राहिले की त्याच्या पृष्ठभागावर थर चढतो, तो थर विजेचा चांगला वाहक नसतो, आणि दोन धातूंचा संबंध सबंध पृष्ठभागावर न राहता काही बारीक ठिपक्यांपुरता उरतो. त्यावर चकती थोडी सैल झाली, तर ते ठिपकेही कंप पावू लागतात आणि जोडाचा रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, क्षणाक्षणाला बदलतो. करकर ती हीच. सोन्याच्या मुलाम्याचा उपयोग इथे आहे. सोने तांब्यापेक्षा चांगले वाहक आहे म्हणून तो देतात, हा समज चुकीचा आहे. वाहकतेत चांदी पहिली, तांबे तिच्याहून जेमतेम सहा टक्क्यांनी मागे, आणि सोने तांब्याच्याही बरेच मागे. सोन्याचा गुण एवढाच की ते कळकत नाही. मुलामा ही एका अर्थी टर्मिनलची कल्हईच आहे. मासेमारीच्या आणि इतर बोटींवर कथिलाचा थर दिलेल्या तांब्याच्या वायरी वापरतात, त्यामागचे कारणही हेच आहे.

हे सगळे केवळ कानावर सोडायचे नाही असे मी ठरवले. साध्या मल्टिमीटरने इतका कमी रोध मोजता येत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या दोन वायरींचा रोधच त्याहून कितीतरी जास्त असतो. त्यावर एक जुना, सोपा उपाय आहे. ज्याची धारा मर्यादित करता येते अशा पॉवर सप्लायमधून जोडातून बरोबर १ अँपिअर प्रवाह सोडायचा आणि मीटरची टोके थेट जोडाच्या दोन्ही अंगांना टेकवून मिलिव्होल्ट वाचायचे. जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिओहम (रोधाचे माप, एका ओहमचा हजारावा भाग). अ‍ॅम्प्लिफायर अर्थातच बंद करून, सगळ्या वायरी काढून हे करायचे असते.

डाव्या स्पीकरचा तो हिरवा जोड या पद्धतीने मोजला तेव्हा मीटरचा आकडा स्थिरच होईना. वायरला बोट लागले की तो ६० वरून ३०० वर जाई आणि परत खाली येई. मग मी वायरचा हिरवा भाग कापून टाकला, आत स्वच्छ लालसर तांबे लागेपर्यंत मागे गेलो, टर्मिनल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, तंतूंना त्यांच्या मूळ पिळाच्या दिशेने पीळ दिला आणि चकती बोटांनी घट्ट आवळली. आकडा १ च्या आसपास आला आणि वायर कशीही हलवली तरी तिथेच राहिला. एक पैसाही खर्च न करता करकर गेली. त्यानंतर त्याच वायरला नवी बॅनाना पिन लावून मोजले, तर आकडा २ च्या थोडा वर होता. म्हणजे नीट आवळलेल्या उघड्या वायरपेक्षा पिनेचा रोध किंचित जास्तच भरला. पिन आली की एकाऐवजी दोन जोड होतात, एक वायर आणि पिन यांच्यामधला आणि दुसरा पिन आणि टर्मिनल यांच्यामधला, हे लक्षात घेतले की त्यात आश्चर्य उरत नाही.

जंपरच्या बाबतीत निकाल याहून स्पष्ट होता, आणि ६,४०० रुपये त्यातच गेले असल्यामुळे मी तो तीनदा तपासला. पट्ट्यांविरुद्ध नेहमी सांगितले जाते की त्या पितळेच्या असतात आणि पितळेची वाहकता तांब्याच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकीच असते. हे विधान बरोबर आहे. पण रोध केवळ धातूवर ठरत नाही, तो लांबीवर आणि जाडीवरही ठरतो. अडीच सेंटिमीटर लांब, आठ मिलिमीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड अशा पितळी पट्टीचा रोध हिशेबाने एक मिलिओहमचा पाचवा भागही भरत नाही किंवा फार तर तेवढाच भरतो. त्याउलट पंधरा सेंटिमीटर लांबीच्या, अडीच चौरस मिलिमीटरच्या शुद्ध तांब्याच्या जंपरचा रोध एक मिलिओहम भरतो. म्हणजे धातू चांगला असूनही वस्तू पाचपट वाईट ठरते, कारण ती सहापट लांब आहे आणि तिचा छेद पट्टीच्या छेदाच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे. माझ्या मीटरवर, जोडांसह, पट्टी अर्ध्या मिलिओहमच्या किंचित वर आणि जंपर अडीच मिलिओहमच्या आसपास असे आकडे आले.

पण एवढ्यावरून पट्टी चांगली वाजते असे म्हणणेही तितकेच चूक होईल, कारण दोन्ही आकडे स्पीकरच्या मानाने नगण्य आहेत. ८ ओहमच्या स्पीकरशी १ मिलिओहम रोध मालिकेत आला, तर आवाजाची पातळी एक डेसिबलच्या हजाराव्या भागाने उतरते. सामान्य ऐकण्यात माणसाला साधारण १ डेसिबलचा फरक कळतो, आणि शांत खोलीत, लक्षपूर्वक, लगोलग तुलना केली तर त्याच्या अर्ध्याहून थोडा कमीही कळू शकतो. हजारावा भाग कोणत्याही कानाच्या आवाक्यातला नाही. स्पीकरच्या पेटीत काय आहे तेही पाहावे. टर्मिनलच्या आत क्रॉसओव्हरचे, म्हणजे खर्ज आणि उंच स्वर वेगळे करून वूफर-ट्वीटरकडे धाडणाऱ्या मंडलाचे, वेटोळे असते, ज्याच्या बारीक तांब्याच्या तारेचा रोध सहज ओहमच्या तिसऱ्या-चौथ्या भागाइतका असतो. त्याच्या पुढे व्हॉइस कॉइल, म्हणजे ड्रायव्हरला हलवणारे तारेचे वेटोळे, तिचा सुमारे ६ ओहम. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला ०.३९ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे गाणे सुरू होऊन कॉइल केवळ एक अंशाने तापली तरी तिचा रोध २३ मिलिओहमांनी वाढतो. जोरकस तबला वाजत असताना ती कितीतरी अंशांनी तापते आणि निवते. त्या चढउतारात बाहेरच्या पंधरा सेंटिमीटर तांब्याची शुद्धता शोधणे मला तरी शक्य दिसत नाही.

शंभर तासांनी जंपर मोकळे होतात, या म्हणण्याला मी काहीही आधार शोधू शकलो नाही. तांब्याचा तुकडा पहिल्या तासाला जेवढा वाहतो तेवढाच शंभराव्या तासाला वाहतो, आणि माझ्या मीटरवरही तेच दिसले. शंभर तासांत सवय होते ती आपल्या कानाला.

इथे एक आक्षेप मनापासून विचारात घ्यायला हवा, कारण तो संगीत जाणणारी माणसे घेतात आणि माझ्याही मनात तो बरेच दिवस होता. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा असतो. तो केसभर पुढे-मागे सरकवला की मुका वाटणारा तंबोरा एकदम बोलू लागतो, त्याच्या स्वरातून सगळे गंधार-पंचम उमटू लागतात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जवारी लावणारे कारागीर तेवढ्यासाठी घोडीचा पृष्ठभाग तासन्‌तास घासत बसतात. मग एवढ्याशा धाग्याने जर एवढा फरक पडतो, तर एवढ्याशा पिनेने का पडू नये? उत्तर असे की धागा लहान असला तरी तो ठेवलेला असतो थेट नाद जिथे घडतो तिथे. तार घोडीला कुठे आणि किती काळ स्पर्श करते, ते तो ठरवतो आणि त्यामुळे तारेच्या कंपनाचा आकारच बदलतो. पिन नाद घडवत नाही. तिच्यातून प्रवाह जातो, आणि तो सुखरूप पलीकडे गेला की तिचे काम संपते. स्पीकरमध्ये जवारीच्या जागी काही असेल तर तो ड्रायव्हरचा कंप पावणारा शंकू (कोन) आहे, त्याची कडेची रबरी झालर आहे, क्रॉसओव्हर आहे, आणि खोली आहे.

तरीही गणितावर विसंबून ऐकायचे टाळले, असे कोणी म्हणू नये म्हणून आम्ही घरात चाचणी केली. मुलीने नाणे उडवून ठरवायचे की या वेळी पट्ट्या की जंपर, मी खोलीबाहेर थांबायचे, आणि काहीच बदलायचे नसले तरीही तिने सगळ्या चकत्या सोडवून पुन्हा आवळायच्या, म्हणजे लागलेल्या वेळेवरून किंवा आवाजावरून मला अंदाज येऊ नये. अ‍ॅम्प्लिफायरच्या आवाजाच्या बटणाला चिकटपट्टी लावून ते एका जागी पक्के केले होते. ध्वनिमुद्रण दर वेळी तेच, तंबोरा आणि बायाँ (तबल्याचा डग्गा) एकत्र असलेले तीन मिनिटांचे. अशा १६ फेऱ्या दोन रविवारांत झाल्या. निव्वळ अंदाजाने १६ पैकी १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते, म्हणून १२ ही रेघ आम्ही आधीच आखून ठेवली होती. माझी ९ बरोबर आली. दहाव्या फेरीनंतर मुलीने दारातून विचारले, “बाबा, या वेळी अगदी नक्की सांगताय ना?” मी अगदी नक्की सांगत होतो, आणि ते उत्तर चुकले होते.

या चाचणीत एक उणीव होती. दोन ऐकण्यांच्या मधे दोन-अडीच मिनिटे जात, आणि आवाजाच्या पोताची स्मृती इतका वेळ टिकत नाही. म्हणून दुसरी पद्धत वापरली. एका स्पीकरला पट्ट्या, दुसऱ्याला जंपर, दोन्ही चॅनलवर एकच मोनो ध्वनिमुद्रण, आणि बॅलन्सचे बटण डावीकडून उजवीकडे फिरवून क्षणात तुलना. आता फरक ऐकू आला, आणि तो चांगला ठळक होता! उजवा, जंपरचा स्पीकर भरदार आणि डावा, पट्ट्यांचा, थोडा पातळ. मग जंपर डावीकडे आणि पट्ट्या उजवीकडे लावल्या. भरदारपणा उजवीकडेच राहिला. उजवा स्पीकर भिंतीच्या कोपऱ्याजवळ आहे आणि डाव्याच्या बाजूला खिडकी आहे, एवढाच त्याचा अर्थ होता. जंपर जागा बदलून गेले आणि आवाज खोलीच्या कोपऱ्यापाशीच थांबला, हा अनुभव मला कोणत्याही आकड्यापेक्षा जास्त पटला.

मग इतक्या प्रामाणिक माणसांना पिना आणि जंपर बदलल्यावर फरक का जाणवतो? मला वाटते, त्यांतल्या अनेकांना खरोखरच फरक ऐकू येतो, फक्त त्याचे कारण नव्या वस्तूत नसते. जुनी वायर काढताना आणि नवी पिन घालताना धातूवर धातू घासला जातो आणि वर्षानुवर्षांचा थर निघून जातो. सैल झालेली चकती पुन्हा आवळली जाते. तुटलेले तंतू कापले जातात. शिवाय मागे हात घालण्यासाठी स्पीकर पुढे ओढलेला असतो आणि तो मूळ जागी तंतोतंत परत जात नाही. १० किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेतीन सेंटिमीटरही नसते, त्यामुळे स्पीकर दोन सेंटिमीटर सरकला किंवा थोडा आत वळला, तर ट्वीटरचा आवाज कानापर्यंत वेगळ्या रीतीने पोचतो. म्हणून माझी विनंती अशी की नवी वस्तू मागवण्यापूर्वी जुनीच जोडणी एकदा पूर्ण सोडवावी, स्वच्छ करावी, घट्ट करावी, स्पीकरच्या पायाखाली आधीच पेन्सिलीने खूण करून तो त्याच जागी ठेवावा आणि मग ऐकावे. त्यातून जी सुधारणा होईल ती वजा करून उरेल तेवढेच श्रेय नव्या वस्तूला द्यावे.

चिनी मातीच्या ठोकळ्यांविषयी थोडक्यात लिहितो. फरशीमुळे वायरमधल्या विद्युतधारणेवर (कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या गुणावर) परिणाम होतो, असे त्यांच्यामागचे म्हणणे आहे. स्पीकरचा रोध इतका कमी असतो की काही मीटर वायरभोवतीच्या सूक्ष्म विद्युतधारणेने ऐकू येणाऱ्या पट्टीत काही घडत नाही. ठोकळे दिसायला सुरेख आहेत. केर काढताना ते रोज आडवे होत, म्हणून दुसऱ्या आठवड्यात मी ते उचलून ठेवले.

बॅनाना पिनांबद्दल मात्र माझे मत चांगले आहे, आणि त्यांच्यावर जास्त लिहायला हवे, कारण त्या योग्य कारणासाठी घेतल्या तर खरोखर उपयोगी आहेत. माझ्या पिना ४ मिलिमीटरच्या, पितळी अंगाच्या, बाजूला दोन लहान स्क्रू असलेल्या आहेत. वायरचे टोक साधारण १२ मिलिमीटर सोलायचे, एकही तंतू कापला जाऊ द्यायचा नाही, पीळ देऊन आत सारायचे आणि दोन्ही स्क्रू आळीपाळीने आवळायचे. टोकाला कथिल लावून मग स्क्रूखाली दाबण्याचा मोह पुष्कळांना होतो, कारण तंतू एकत्र राहतात. तो टाळावा. सोल्डर मऊ असते, दाबाखाली हळूहळू पसरते, आणि सहा महिन्यांनी तो स्क्रू सैल सापडतो. तंतू एकत्रच ठेवायचे असतील, तर इलेक्ट्रिशियन वापरतात ते पिनेच्या आकाराचे थिंबल क्रिंप करून घालावे. नवी वायर लावल्यावर महिनाभराने स्क्रू पुन्हा एकदा आवळावेत, कारण तांब्याचे तंतू दाबाखाली बसतात. माझ्या आठपैकी तीन पिनांचे स्क्रू महिन्याभरात पाव फेरा फिरले.

पिनेचा मोठा लाभ सुरक्षिततेचा आहे. उघड्या वायरचा एक मोकळा तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकला की अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुट ट्रान्झिस्टरवर बेतू शकते, आणि ती दुरुस्ती पिनांच्या किमतीच्या कितीतरी पट पडते. पिनेत तो धोका जवळजवळ उरत नाही. वारंवार स्पीकर हलवणाऱ्यांना, पाहुणे आले की दिवाणखाना मोकळा करणाऱ्यांना, पिना म्हणजे मोठीच सोय आहे. दुसऱ्या बाजूने एक सावधगिरीही सांगतो. या ४ मिलिमीटरच्या पिना आपल्या भिंतीवरच्या गोल भोकांच्या विजेच्या सॉकेटमध्ये आरामात शिरू शकतात. युरोपात स्पीकर टर्मिनलची मागची भोके प्लॅस्टिकच्या बुचांनी बंद करून विकतात, त्याचे मूळ याच धोक्यात आहे. घरात लहान मूल असेल, तर पिना लावलेली वायर अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवून फरशीवर कधीही टाकून ठेवू नये.

मुलाम्याचा दर्जा हा पिनांमधला खरा प्रश्न आहे. याआधी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी फार स्वस्त पिना मागवल्या होत्या. एका पावसाळ्यात त्यांच्यावर हिरवे ठिपके उमटले. सोन्याचा थर अतिशय पातळ असला की त्यात सूक्ष्म छिद्रे राहतात, आणि मधे निकेलचा थर नसेल तर खालचे पितळ त्या छिद्रांतून कळकून वर येते. या वेळच्या पिना या कसोटीला उतरल्या. याहून महाग पिना घेण्याचे कारण मला दिसत नाही. पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ठीकठाक पिना हातात घेऊन, त्यांचे पाते टर्मिनलमध्ये घट्ट बसते का ते पाहून निवडता येतात, आणि फोटो पाहून मागवण्यापेक्षा ते बरे.

जिथे पैसे घालण्यात अर्थ आहे ती जागा वायरची जाडी आहे, आणि तिच्याकडे मात्र अनेकांचे लक्ष नसते. अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकर ५ मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन १० मीटर तांबे होते. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरीत त्याचा रोध सुमारे ०.३९ ओहम भरतो, अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.०८ ओहमच्या आत. स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे ध्वनीच्या बदलत्या प्रवाहाला त्याचा होणारा एकूण अडथळा, सर्व स्वरांना सारखा नसतो, तो एखाद्या ठिकाणी ४ ओहमपर्यंत उतरतो आणि दुसरीकडे २० ओहमपर्यंत चढतो. बारीक वायरीमुळे उतरलेल्या ठिकाणी सुमारे ०.८ डेसिबल घट होते आणि चढलेल्या ठिकाणी ०.२ हून कमी. म्हणजे स्वरांचा आपसांतला तोलच अर्ध्या डेसिबलहून जास्त बिघडतो, आणि हा फरक चांगल्या कानाला कळू शकतो. मॅकिन्टॉश या अमेरिकन कंपनीत अनेक वर्षे ध्वनिसंशोधनाचे काम पाहिलेले रॉजर रसेल यांनी साधा नियम सांगितला होता की वायरचा एकूण रोध स्पीकरच्या इम्पीडन्सच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा. घराच्या वायरिंगसाठी फिनोलेक्स किंवा पॉलिकॅब विकतात ती अडीच चौरस मिलिमीटरची लवचीक तांब्याची वायर, लाल आणि काळी एकत्र पिळून, हे काम पूर्णपणे करते. माझ्या घरी आता तीच आहे. घेताना एवढे पाहावे की तांबे खरे आहे. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेली स्वस्त स्पीकर वायर बाजारात भरपूर आहे. तिचा एक तंतू चाकूने खरवडला की आत पांढरा दिसतो, आणि वायर हाताला हलकी लागते. तशी वायर त्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच वाहते आणि उघड्या टोकाशी लवकर बिघडते.

आणि खोली. माझ्या १२ फुटी खोलीत ४७-४८ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज लांबीच्या दोन टोकांच्या भिंतींमध्ये घुमतो आणि बायाँचा घुमारा तिथे अवाजवी फुगतो. स्पीकर मागच्या भिंतीपासून वीतभर पुढे घेतले, ऐकण्याची खुर्ची मागच्या भिंतीपासून सोडवली आणि खिडकीला जाड पडदा लावला, तेव्हा डावा-उजवा फरक बराच मिटला आणि तंबोऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या मोजता येऊ लागल्या. वर्षभरात या खोलीत जी एकमेव सुधारणा पत्नीने न विचारता ओळखली, ती हीच.

किनाऱ्यापासून दूर, कोरड्या हवेत राहणाऱ्या, ज्यांच्या टर्मिनलला उघडी वायर घट्ट आणि स्वच्छ बसलेली आहे, त्यांना यांतले काहीच घेण्याची गरज नाही. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी निकेलच्या थरावर मुलामा असलेल्या मध्यम किमतीच्या पिना जरूर घ्याव्यात. जंपर तेव्हाच घ्यावेत, जेव्हा मूळ पट्ट्या हरवल्या असतील किंवा कळकून खराब झाल्या असतील, आणि तेव्हाही अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीचे चार तुकडे कापून लावले तरी काम होते. मी माझ्या जंपरच्या जागी मूळ पट्ट्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासून, अल्कोहोलने पुसून पुन्हा बसवल्या आहेत.

यंदा खंडेनवमीला घरातली हत्यारे पुसायला काढली, तेव्हा मीटर आणि पॉवर सप्लायही बाहेर काढून आठही पिनांचे जोड पुन्हा मोजले. सात ठिकाणी आकडा २ आणि ३ यांच्या मधे होता. खिडकीजवळच्या डाव्या स्पीकरची काळी पिन ९ दाखवत होती. ती काढून पुसली, स्क्रू अर्धा फेरा आवळला, पुन्हा लावली आणि आकडा २ वर आला. त्या जागी पावसाळ्यात वारा थेट येतो, म्हणून पुढच्या वर्षी तिथे ज्येष्ठातच एकदा पाहायचे, अशी नोंद मी टर्मिनलशेजारी पेन्सिलीने करून ठेवली आहे.